नणंदबाईंनी डोकं नापास केलं

आमच्या घरात खुर्चीवर बसायच्या आधी ती हलवून बघायची पद्धत आहे. पद्धत नणंदबाईंची, आणि ती मोडायची कुणाची टाप नाही. नवी उशी आणली की शिवण ताणून बघायची, आगपेटी आणली की काड्या मोजायच्या. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा तिनं माझ्या बॅगेची चेन सात वेळा उघडबंद केली आणि "बॅग चांगली आहे" असं जाहीर केलं. माझा निकाल द्यायला तिला पुढे दोन वर्षं लागली. झाले पास, पण काठावर.

तिचा तरी काय दोष? चौदा वर्षं ती ब्रशच्या कारखान्यात तपासनीस आहे. दर खोक्यातून न बघता एक ब्रश उचलायचा, लाकडाच्या कडेवर त्याचे वीस फटके ओढायचे, मग केसांचा एक झुबका चिमटीत धरून खसकन ओढायचा आणि खालच्या पांढऱ्या कागदावर किती केस पडले ते मोजायचे. दोनपर्यंत पास. तिसरा पडला की खोक्यावर लाल चिठ्ठी. रदबदली नाही, ओळखपाळख नाही. एकदा खुद्द मालकांनी घरी वापरायला नेलेला ब्रश तिनं त्यांच्या हातातून काढून घेतला होता.

अशा बाईचं तेहेतिसाव्या वर्षी लग्न ठरलं, तेही तिच्या मनासारखं. माणूस त्याच कारखान्यातला. ज्या मशीनवर ब्रशच्या भोकांत केस बसवतात ते मशीन सांभाळणारा फिटर. शांत गडी, दिवसाकाठी तीन वाक्यांत भागवतो. डोक्यावर मात्र असं दाट रान की माझा नवरा त्याच्याकडे बघताना आवंढा गिळतो. नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या करायच्या, घरच्यांनी मिळून जेवायचं, संपलं. तारीख मिळाली आणि आमच्या नणंदबाई चक्क गुणगुणत भाजी निवडायला लागल्या. सासूबाईंनी तर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "हिला बरं आहे ना गं?"

तसं मध्यंतरी तिला बरं नव्हतंच. अकरा दिवस ताप, पारा एकशे चारवर, त्यातले पाच दिवस दवाखान्यात. पण त्यातून ती उठली, कामावर गेली, आणि आम्ही तो ताप विसरूनही गेलो.

तीनेक महिन्यांनी एका सकाळी न्हाणीघरातून हाक आली, "वहिनी!"

मी पळत गेले. ती कंगवा हातात धरून उभी होती आणि कंगव्यात केसांचा हा एवढा गुंता.

"अगं, पडतात केस," मी म्हटलं. "माझेही पडतात."

"किती?"

आता काय सांगणार? मी पोस्टात नोंदणी पत्रांच्या खिडकीवर बसते. दिवसभर पत्रं मोजते, घरी येऊन केस कुठे मोजू? माझं गप्प राहणं हीच चूक झाली. नणंदबाईंनी कपाटातून पांढरा कागद काढला, जमिनीवर पसरला, वर वाकून कंगव्याचे वीस फटके मारले, मग एक झुबका धरला आणि खसकन!

"एकोणचाळीस," ती म्हणाली. चेहरा पांढराफटक. "वहिनी, मर्यादा दोनची आहे."

"ती ब्रशची! हे डोकं आहे."

"म्हणजे डोक्याला सवलत द्यायची?"

त्या दिवसापासून आमच्या घरात डोक्याची तपासणी सुरू झाली. सकाळी एक, दुपारच्या सुट्टीत एक, संध्याकाळी एक. पडलेले केस कागदावर चिकटपट्टीनं लावायचे, खाली तारीख, वेळ, आकडा. तुलनेला काहीतरी हवं म्हणून तिनं घरच्यांनाही सोडलं नाही. माझा नवरा वर्तमानपत्र वाचत होता. त्याचं कपाळ नेमकं कुठे संपतं यावर आमच्या घरात दुमत आहे, त्यामुळे त्याला आहे ते केस जिवापाड प्यारे. बहिणीनं मागून येऊन झुबका ओढला तशी त्यानं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या बाईंनी दार वाजवून "सगळं ठीक ना?" विचारलं. त्याचे तीन पडले, नापास. सासूबाईंचे चार, नापास. माझे सहा, सपशेल नापास. शहाण्या माणसानं यावरून ओळखलं असतं की खोट तपासणीतच आहे. नणंदबाईंनी निष्कर्ष काढला की सगळं खानदानच नापास आहे.

मग उपाय सुरू झाले. सासूबाईंनी कांद्याचा रस काढला. शेजारच्या बाईंनी डोकं खाली, पाय वर करून दहा मिनिटं थांबायला सांगितलं. रक्त डोक्याकडे धावतं म्हणे. माझ्या नवऱ्यानं किंकाळीचा सूड म्हणून सगळंच भादरून टाक असं सुचवलं. नणंदबाईंनी शेवटचा सोडून सगळे उपाय एकाच वेळी केले आणि प्रत्येक उपायानंतर लगेच तपासणी. रस लावला, ओढून बघितलं. पाय वर केले, खाली आली, ओढून बघितलं. केसांना शिस्त नाही म्हणून अंबाडा इतका करकचून बांधायला लागली की तिच्या भुवया वर गेल्या आणि दिवसभर ती कशाचं तरी नवल करत असल्यासारखी दिसायला लागली.

कारखान्यात तर गंमतच झाली. कांद्याच्या वासानं पॅकिंगच्या बायका खोकी बांधता बांधता घळाघळा रडायला लागल्या. मालकांना वाटलं कुणीतरी गेलं. त्यांनी दोन मिनिटं सगळ्यांना उभं केलं आणि मग हळूच विचारलं, "कोण?"

हसून हसून आमची पुरेवाट झाली, हे कबूल करते. पण पाच आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की हसणारे आम्हीच आहोत. ती गुणगुणायची बंद झाली होती. डोक्याला रुमाल बांधून जायची, फिटर पुढच्या फाटकाशी थांबतो म्हणून मागच्या फाटकानं यायची. भांगाची रेघ खरोखरच रुंद झाली होती, आणि लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं.

एका सोमवारी दुपारी माझ्या खिडकीसमोरच्या रांगेत तिचा रुमाल दिसला. आपली पाळी येईपर्यंत ती परक्यासारखी उभी राहिली. मग एक उघडं पाकीट आत सरकवलं. "नोंदणीनं पाठवायचंय. आधी वाच, काही चुकलं असेल तर सांग."

आत कारखान्याची लाल चिठ्ठी होती, तिच्या सरळ अक्षरात भरलेली. माल: मी. तपासणी: रोज तीनदा, पाच आठवडे. निकाल: नापास. शेरा: खराब माल गळ्यात मारला असं पुढे वाटू नये म्हणून तारखेआधी कळवत आहे, लग्न रद्द समजावं. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: तुमचं काहीच चुकलेलं नाही.

पाकिटावर फिटरचा पत्ता, कारखान्याचा. पहिल्या चार ओळींना मला हसू फुटत होतं. शेवटची ओळ मी दोनदा वाचली.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी जाळीतून कुजबुजले. "केसांपायी माणूस सोडतेस?"

"मी दुसऱ्यांचा माल सोडला नाही. माझाच कसा पास करू?"

"अहो, आटपा की," मागून कुणीतरी ओरडलं.

पत्र अडवायचा मला अधिकार नव्हता. पोस्टातली बाईच पत्रं फाडायला लागली तर लोकांनी विश्वास कुणावर ठेवायचा? मी पाकीट चिकटवलं, वजन केलं, शिक्का मारला. माझ्या नोकरीतला सगळ्यात वाईट शिक्का तो. पण पावती देताना मी ती हातात घट्ट धरून ठेवली. "एका गोष्टीचं उत्तर दे. आपलाच माल आपणच तपासून कधी निकाल देतात?"

दुखती नस बरोबर सापडली होती.

"उद्या सकाळी त्वचेच्या डॉक्टरकडे यायचं," मी म्हटलं आणि पावती सोडली.

मंगळवारी आम्ही तिघी गेलो. सासूबाई सोबत कांद्याच्या रसाची बाटली घेऊन आल्या होत्या, डॉक्टरांना दाखवायला. डॉक्टर बुटक्याशा, चष्मा नाकाच्या टोकावर. नणंदबाईंनी त्यांच्यापुढे फाइल ठेवली: पाच आठवड्यांचे कागद, प्रत्येकावर केसांच्या रांगा, तारखा, आकडे. डॉक्टरांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

"एवढी व्यवस्थित नोंद माझ्याकडे कुणी कधी आणली नाही हो!"

"आकडे चांगले नाहीत," नणंदबाई म्हणाली.

डॉक्टरांनी तिचा रुमाल सोडला, करकचलेला अंबाडा सोडला, एक झुबका बोटांत धरला आणि मुळापासून टोकापर्यंत बोटं अलगद सरकवली.

"जोर कमी पडतोय," नणंदबाई म्हणाली.

"तपासायचंय हो बाई, उपटायचं नाहीये."

"किती केस धरलेत?"

"पन्नास-साठ."

"आले किती?"

"चार."

"मर्यादा?"

"साधारण सहा."

सासूबाईंनी बाटली छातीशी धरली.

"म्हणजे... पास?"

"आता पास. तीन आठवड्यांपूर्वी नसता झालात." डॉक्टरांनी भिंग काढलं आणि फाइलमधला एक केस दाखवला. "मुळाकडच्या टोकाला हा पांढरा ठिपका बघा. हा आपली पाळी संपवून गेलेला केस. डोक्यावरचे केस पाळीपाळीनं काम करतात. काही वर्षं वाढतात, मग तीनेक महिने नुसते बसून राहतात, मग पडतात. पन्नास ते शंभर तर रोज सगळ्यांचेच पडतात. तुम्हाला मध्ये मोठं आजारपण झालं होतं?"

आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. "ताप!"

"केव्हा?"

"चार महिने झाले."

"मग झालं! शरीर म्हणालं, आधी जीव वाचवू, केसांचं नंतर बघू. एकदम ढीगभर केसांना सुट्टी दिली. सुट्टी संपली तशी सगळे एकदम पडले. तोवर माणूस ताप विसरलेलं असतं. घाबरवणारं आहे, पण कायमचं नाही. खाली मुळं शाबूत आहेत."

"पण मग इतके दिवस आकडा का उतरला नाही?" नणंदबाई सहजी हार मानणाऱ्यातली नाही.

डॉक्टरांनी फाइल मिटली. "कारखान्यात ज्या ब्रशला फटके मारता, ओढून बघता, त्याचं पुढे काय करता? परत खोक्यात ठेवता?"

"छे! टाकून देतो."

"का?"

"का म्हणजे? ओढून ओढून तो खिळखिळा झालेला अस..."

वाक्य तिथंच लटकलं. मी मनात हिशेब केला: दिवसाला तीन, पाच आठवडे. शंभरावर तपासण्या, आणि सगळ्या एकाच डोक्यावर. आधी डॉक्टरांना हसू फुटलं, मग मला, मग सासूबाईंना. शेवटी नणंदबाईही फिसकन हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ह्या खेपेला कांद्याचं नव्हे.

मग तिनं एकेक प्रश्न विचारला आणि लिहून घेतला. रक्त तपासून घ्या, लोह कमी निघालं तरच गोळ्या. डाळी, अंडी, पालेभाज्या पोटभर. झोप पुरेशी. केस सैल बांधा. तेल आवडत असेल तर लावा, हलक्या हातानं. केस मऊ राहतात, पण तेलानं नवे केस उगवत नाहीत. कांद्याबद्दल डॉक्टर म्हणाल्या, "कांदा जेवणात चांगला लागतो." सासूबाईंनी बाटली पिशवीत ढकलली आणि आपण ती आणलीच नव्हती असा चेहरा केला.

"किती दिवस लागतील?"

"सहा महिने धरा. महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात. घाई चालत नाही."

"आणि तोवर तपासणी?"

"बंद."

हे औषध सगळ्यात कडू होतं. नणंदबाईचा चेहरा बघून डॉक्टरांना दया आली असावी. त्यांनी तिच्या हातात आरसा दिला. "हे कपाळाच्या कडेला उभे राहिलेत ते बारीक केस बघा. बोटभरसुद्धा नाहीत."

"तुटलेत ते."

"टोकं बघा. तुटलेल्याचं टोक बोथट असतं."

नणंदबाईनं भिंग हिसकावून घेतलं. ब्रशच्या केसाचं टोक कसं असतं, कापलेलं कसं दिसतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. ती आरशाशी नाक टेकवून बघत राहिली. "निमुळती आहेत," ती हळूच म्हणाली. "वहिनी, निमुळती आहेत! हे तर नवीन आहेत! एक, दोन, पाच, अकरा... इकडे पण आहेत..." चाळिसापर्यंत ती गेली आणि एकदम आरसा खाली आला. "वहिनी! पत्र!"

मग काय, आम्ही धूम ठोकली. दवाखान्यापासून पोस्ट दोन गल्ल्यांवर. आम्ही पोचलो तर माझ्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी घड्याळाकडे बोट केलं. वादळ निघून गेलं होतं. वादळ म्हणजे आमचा पोस्टमन. दहा वर्षांत तो कधी वेळेवर निघाला नाही, म्हणून आम्ही त्याचं हे नाव ठेवलं. नेमका त्या दिवशी पठ्ठ्या पंधरा मिनिटं आधी निघाला होता.

कारखाना तिथून वीस मिनिटांवर. पुढे नणंदबाई, केस मोकळे, रुमाल कुठे पडला त्याचा पत्ता नाही. मागे मी. माझ्यामागे चपला हातात घेतलेल्या सासूबाई, "अगं थांबा गं, मला पण बघायचंय!" करत. रस्त्यातले लोक बाजूला होत होते. एका दुकानदारानं तर "चोर कुठाय?" म्हणून दांडकं घेऊन आमच्यासोबत धावायला सुरुवात केली. त्याला वाटेतून परत पाठवण्यात एक मिनिट गेलं.

फाटकाशी वादळ उभं होतं आणि समोर हात पुसत फिटर.

"देऊ नका!" नणंदबाई ओरडली.

वादळानं पाकीट छातीशी धरलं. "पाठवणाऱ्याला परत हवं असेल तर लेखी अर्ज लागतो." मग माझ्याकडे बघून अभिमानानं, "मॅडम, तुम्हीच शिकवलंय."

मला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली. फिटरनं सही केली, पाकीट फोडलं आणि वाचायला लागला. तो वाचतोही हळू. वर खिडक्यांमध्ये पॅकिंगच्या बायका गोळा झाल्या होत्या. भर दुपारचं ऊन, नणंदबाई उघड्या डोक्यानं उभी, भांगाची रुंद रेघ लख्ख दिसतेय. तिनं हात वर नेला, झाकायला, आणि मग न झाकताच खाली आणला.

"तपासणी चुकली," ती म्हणाली. धापा टाकत होती. "माझी. चौदा वर्षांत पहिल्यांदा. केस तापामुळे गेले, येणार आहेत. पण सहा महिने लागतील. लग्न पंधरा दिवसांवर आहे. तेव्हा मी अशीच दिसणार आहे. तुम्ही... तुम्ही काय ते ठरवा."

फिटरनं चिठ्ठीची घडी घातली. "बाई, लाल चिठ्ठीचं खोकं कुठे जातं?"

"वर. तुमच्या टेबलावर. मशीन कुठे चुकलं ते बघायला."

"आणून कोण देतं?"

"मी."

"बाकीचे तपासनीस?"

"ते शिपायाबरोबर पाठवतात. पण मला खात्री..."

"चौदा वर्षं," फिटर म्हणाला, "मी त्या लाल चिठ्ठ्यांची वाट बघतोय. एखादा आठवडा सगळी खोकी पास व्हायची आणि तुम्ही वर यायचाच नाहीत. माझा आठवडा जायचा नाही. एकदा तर मशीनचा एक खिळा मी मुद्दाम सैल ठेवला."

वरच्या खिडक्यांतून जी आरोळी उठली ती उभ्या गल्लीला ऐकू गेली असेल. सासूबाई भिंतीला टेकून कमरेवर हात ठेवून नुसत्या हसत होत्या. मी रडत होते, कारण काय ते मला विचारू नका, आनंदाचंच रडणं होतं. वादळ माझ्या कानाशी येऊन म्हणालं, "मॅडम, ह्याची चार वाक्यं जास्त झाली आज."

"खिळा सैल?" नणंदबाई म्हणाली. "कुठल्या तारखेचा माल तो?"

"ते मी लग्नानंतर सांगीन."

ती लालबुंद झाली. मग फिटरनं तिच्या कपाळाकडे बघितलं, जिथं ते बारीक केस उन्हात उभे होते. "हे नवे?"

"हो."

"हात लावून बघू?"

"आधी धुऊन या. ग्रीस आहे."

तो खरंच आत गेला, साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन, पुसून बाहेर आला. वर सगळा कारखाना टक लावून बघत होता, सासूबाईंनी "मला काही दिसत नाही" म्हणत डोळ्यांवर हात ठेवला आणि बोटं फाकवली. फिटरनं एक बोट पुढे केलं. नणंदबाईनं डोळे मिटून घेतले.

"सावकाश हं," ती म्हणाली. "नवीन आहेत."